दाराबाहेरून शिकलेली सिगार

साहेब, काल संध्याकाळी मी आयुष्यातली पहिली सिगार ओढली. तुम्हाला हे मुळीच आवडले नसते, आणि ओढण्याच्या कारणांपैकी ते एक कारण होते. तुम्ही हयात असताना तुमच्याशी वाद घालण्याची सोय नव्हती. ज्युनिअरने, त्यातही बाईने, टिपणे काढायची आणि गप्प बसायचे. आता तुम्हाला उत्तर देता येत नाही. ही स्थिती न्याय्य नव्हे, हे मला कळते. पण तुमच्या वकिलीच्या चेंबरमध्ये मी ती पुष्कळ वर्षे भोगली आहे. थोडी तुम्हीही भोगा.

धाकट्या भावाचा मुलगा परदेशातून आला, तेव्हा त्याच्याजवळ मित्रांसाठी आणलेला सिगारचा डबा होता. मी एक मागितली. "आत्या, तुम्ही? अन् गावात कळलं तर?" मी म्हटले, फाटक लावून ये. तो मोबाईल काढून नवशिक्यांसाठीच्या सूचना वाचू लागला. मी त्याला तो खिशात ठेवायला लावला. बंद टोकाची टोपी तेवढी उडवायची, जास्त कापली तर वरचे गुंडाळलेले पान सुटते. काडी पेटल्यावर क्षणभर थांबायचे, तिचा वास उडून जाऊ द्यायचा. ज्योत टेकवायची नाही. सिगार फिरवत टोक शेकायचे. राख झटकायची नाही, तिच्या वजनाने पडू द्यायची. मी हे सगळे बिनचूक केले. पोरगा बघतच राहिला. "हे कुठं शिकलात?" मी म्हटले, बाहेर बसून.

येडशीच्या दोन भावांचा विहिरीचा दावा तुम्हाला आठवत असेल. विहीर थोरल्याच्या वाट्याला गेलेली, आणि त्याने धाकट्याचे पाणी तोडलेले. पाटाची डागडुजी दोन्ही घरे पिढ्यानपिढ्या मिळून करत आली आहेत, म्हणून पाण्यावर हक्क दोघांचा, हा मुद्दा मी काढला. मांडलात तुम्ही. आपण जिंकलो. त्या संध्याकाळी तुम्ही कपाटातून डबा काढता. बाकीच्या दोन्ही ज्युनिअरना एकेक सिगार देता. त्यातला एक दुपारभर बाररूममध्ये झोपलेला असतो. माझ्याकडे न बघताच म्हणता, "बाई, तुम्हाला धुराचा त्रास व्हायचा. बाहेर बसा जरा. आणि चहा सांगा." मी व्हरांड्यातल्या बाकावर येते. दार अर्धे उघडे आहे. तुमचा हात, काडी, लाल होत जाणारे टोक, सगळे तिथून दिसते. शेजारी आपला पक्षकार, तो धाकटा भाऊ, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आहे.

"बाई, ती पाटाची गोष्ट तुमीच काढली न्हाय का?"

"हो."

"मग तुमी भाईर कशापायी?"

"आत धूर आहे."

तो माझ्याकडे बघतो, मग हसू लागतो. "घरी बायकांला सांगतो बगा, वकिलीनबाईला धुराचा तरास व्हतो म्हून. चुलीम्होरं बसून लई हसत्याल."

तुमचे म्हणणे आता मी तपासते. धूर मला बाधत असता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कोंदट खोलीतले राखेचे भांडे रिकामे करायला तुम्ही मला सांगितले नसते. तुम्ही ते सांगितलेत, आणि एकदाच नव्हे. तेव्हा हरकत धुराची नव्हती. ती खुर्चीची होती. त्या खोलीत चार खुर्च्या होत्या आणि तुम्ही तिघे.

काल मात्र एका बाबतीत मी फसले. तुम्ही मागे रेलून, छाती फुगवून झुरका घेत असा; मी तसाच घेतला, छातीच्या तळापर्यंत. डोळ्यांपुढे अंधारी आली. खोकल्याने मी दुमडून गेले. पोरगा पाठ चोळत ओरडत होता, "आत्या, धूर गिळायचा नसतो! तोंडातच धरायचा, चव घ्यायची अन् सोडून द्यायचा. पहिलीच सूचना होती ती. तुम्हीच वाचू दिली न्हाय!"

बाकावरून एवढेच दिसत नव्हते, मिटल्या ओठांआड काय चालते ते. इतकी वर्षे मी समजत होते की तुम्ही तो धूर खोल आत घेता. तुम्ही आत काहीच घेत नव्हतात, साहेब. माझा मुद्दाही तुम्ही असाच हाताळलात: तोंडात घेतलात, चव घेतलीत, सोडून दिलात. कोर्टभर दरवळ तेवढा तुमच्या नावाचा झाला.

चूळ भरून मी पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी ती नीट जमली. अर्धी झाली असेल, तेव्हा पोरगा म्हणाला, "आत्या, आत बसा की. वारं सुटलंय, विझंल ती." तेव्हा कुठे माझे लक्ष गेले. मी दाराबाहेर पायरीवर बसले होते. मागे दार अर्धे उघडे होते, आणि आत घरातल्या माझ्या चेंबरमधली माझी खुर्ची रिकामी होती.

मी उठले नाही. सिगार पायरीवरच संपवली. हे पत्र मी फाडून टाकणार आहे, कारण एक कबुली मला तुमच्या हाती लागू द्यायची नाही: काल मला बाहेर बसायला कोणीही सांगितले नव्हते.