पहिल्या खुर्चीचा तक्ता

भाऊजी,

वहिनीचा दमलेला आशीर्वाद घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा आवाज कसा आहे ते विचारत नाही, तो ठणठणीतच असणार. मी बरी आहे असं लिहायचं असतं, म्हणून बरी आहे.

तुम्ही पाठवलेला पोकरचा तक्ता पोचला. (पत्त्यावरचं तुमचं अक्षर बघून पोस्टमन म्हणाला, डॉक्टरांचं पत्र दिसतंय.) तुम्हाला ठाऊकच आहे, हे गेल्यावरही यांचे चौघे मित्र दर रविवारी दुपारी आमच्याच टेबलाशी बसायचे. पण पाचवा भिडू नाही, म्हणून घड्याळजींनी टूम काढली की बैठक त्यांच्या दुकानामागच्या खोलीत हलवू, तिथे त्यांचे साडू आहेत. मी म्हटलं, पाचवी मी बसते. तेव्हा चौघं असे हसले की चष्मेवाल्याचाच चष्मा खाली पडला. शेवटी मला महिन्याची मुदत दिली. जमलं तर बैठक इथेच, नाहीतर साडू.

मग काय, बसले तक्ता मांडीवर घेऊन. दोन पत्ते हातात आले की त्यांचं घर शोधायचं; हिरवं असलं तर खेळायचं, तांबडं असलं तर फेकायचं. (गावच्या शाळेत पाढ्यांच्या तक्त्यासमोर उभी राहून रडले होते, आता या वयात पुन्हा तेच.) त्यावर पहिली जागा, दुसरी जागा असं लिहिलेलं. माझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणजे दारापासून मोजली की पहिली. आणि पहिल्या जागेचं हिरवं घर शोधायला घड्याळजींचं भिंगच हवं! मी आपली आज्ञाधारक. तीन रविवार नुसते पत्ते फेकले. रिकामी बसलेली बाई काय करणार? चहा. मग कपबश्या. परत येऊन बघते तर पुन्हा तांबडं, पुन्हा चहा. हे होते तेव्हा दुपारी दोनदा चहा व्हायचा, आता पाचदा. कंबर कामातून गेली.

तिसऱ्या रविवारी कंपाउंडरला दया आली. “वहिनी, जागा खुर्चीवरून नसते हो. पत्ते वाटणारा दर डावाला बदलतो, त्याच्यापासून मोजायचं. आधी बोलायचं असेल तर जपून, शेवटी असेल तर मोकळीक.”

“मग तीन आठवडे तोंडात काय होतं?”

गवंडी म्हणाला, “चहा होता, वहिनी. फार सुरेख होत होता.”

पातेलं जवळ नव्हतं म्हणून वाचला.

परवाचा रविवार मुदतीचा शेवटचा. आम्ही माझ्या शिवणाच्या डब्यातल्या बटणांवर खेळतो. घड्याळजींनी मूठभर बटणं पुढे केली. माझ्या हातात इस्पिकची सत्ती आणि बदामची दुर्री. तक्त्यात ही जोडी कुठल्याही जागेवर तांबडीच. फेकायला हात उचलला, आणि मनात आलं, फेकले की उठावं लागणार. खरं सांगते भाऊजी, उठवेना. न फेकता बसून तर राहता येईल! खेळ बिनमर्यादेचा, एकदाच सगळं लावलं की पुढे काही करायचं नसतं; तेव्हा समोरची सगळी बटणं दोन्ही हातांनी ढकलली आणि पाठ टेकली.

बाकीच्यांनी लगेच पत्ते टाकले. घड्याळजी मात्र बिघडलेल्या घड्याळाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “महिनाभर फेकणारी बाई आज सगळं लावते, म्हणजे दोन एक्के.” आणि दोन राण्या उताण्या टाकून डाव सोडून मोकळे झाले. सगळ्यांनी सोडल्यावर जिंकणाऱ्याला पत्ते दाखवावे लागत नाहीत, म्हणून मी माझे पालथेच गड्डीत सारले. बैठक इथेच राहिली. आता पाच खुर्च्या ओढा, पाच कप विसळा, सुटका नाही.

तुमची,
थकलेली वहिनी

ता. क. घड्याळजींना तेव्हापासून झोप नाही. तुमच्या वहिनी हातात काही नसताना असं करतील का, हे ते तुम्हाला पत्राने विचारणार आहेत. सत्ती-दुर्रीचं कळलं तर साडू आलेच म्हणून समजा. तुम्ही एवढंच कळवा, की आमच्या वहिनीला तेवढी अक्कल नाही. हे लिहिताना तुम्हाला फार जड जाणार नाही.

आणखी एक. कपांचं रडगाणं गायलंय ते खरंच आहे. पण सोमवार ते शनिवार मी एकच कप विसळते, भाऊजी. उत्तर लगेच टाका.