चार अक्षरं, त्यात झेड

मंगळवार, जानेवारी १९७४

आज आसेगावले जुन्या दोस्ताले, नामदेवले पाहाले गेलो. लकवा मारला, बोलणं गेलं. वहिनी म्हणे, "भाऊजी, ते आता कोणाले वळखत नाईत." मले पटलं नाही. इतके वर्ष चहावर आमचा एकच खेळ. एकानं अक्षर द्याचं, दुसऱ्यानं इंग्रजी शब्द, पण तो पोत्यावर नाईतर डब्यावर, कुठंतरी छापेल पायजे.

म्हटलं, "बोल बे, चार अक्षरं, त्यात झेड!"

त्यानं डाव्या हातानं माह्या बनियनचा गळा मागून धरला. तिथं इंग्रजीत साइज छापेल असते, झेडसकट. वळखत नाई म्हणे!

खुशीत म्हटलं, "आता तुही पाळी, दे अक्षर."

त्यानं तोंड उघडलं. लय जोर लावला. अक्षर आलंच नाही. डोये भरले त्याचे.

कायले मागितलं मी?