चौदा नंबरच्या गाळ्याची अट

मी, बाळकृष्णराव, वय एकाहत्तर, तंजावूरचा केळीचा घाऊक व्यापारी, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. गुडघे गेले, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर दडपण आणू शकेल अशी एकटी माझी पत्नी महालक्ष्मी, आणि ती सध्या पापनाशमला बहिणीकडे आहे. तमिळमध्ये लिहिले असते तर सारा बाजार वाचत बसला असता, म्हणून मराठीत लिहितो.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव महालक्ष्मीची. तिने कुणापुढे हात पसरू नये.

२. पितळी तराजू मुलगी विनुता हिला. नव्या बाजारात काटा विजेवर चालतो, म्हणून आमचा तराजू खोटा ठरत नाही.

३. नव्या बाजारातील गाळा क्रमांक चौदा आणि परवानाही विनुताचा. अट एकच: माझा चुलत भाऊ अनिरुद्धराव याच्याशी तिने भागीदारी करू नये.

कारण लिहितो. पंच्याखाली बोटे धरून भाव कसा ठरवायचा, हे त्याला मी शिकवले. आज फाटकाजवळचा पहिला गाळा त्याचा, शीतगृह त्याचे, तिरुवैयारूचे बागाईतदारही त्याच्याच दारात. नव्या बाजारात लिलाव विजेच्या बोर्डावर सुरू झाला त्या पहिल्या दिवशी मी सवयीने माल विकणाऱ्या बागाईतदाराच्या हातावर पंचा टाकला. आमची बोटे बोलत होती, तेवढ्यात बोर्डावर माल दुसऱ्याला गेला. सगळे हसले. अनिरुद्ध हसला नाही. मुकाट्याने येऊन त्याने पुढच्या मालाची बोली माझ्या नावे लावून दिली. तो हसला असता तर मी त्याला माफ केले असते.

विनुता बोर्ड त्याच्याकडूनच शिकली. घरी येऊन म्हणाली, "अप्पा, काका एकदा सांगतो की लगेच कळतंय." मी तिला तीस वर्षे सांगतो आहे. होय, मी त्याच्यावर जळतो.

४. माझा पंचा माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. त्याच्या हाती पडू नये.

पुरवणी. साक्षीदाराने वाचल्याशिवाय सही करू नये, असा माझा आग्रह. पण बाजारात देवनागरी वाचणारा माझ्याशिवाय एकच निघाला. बोलवावे लागले. अनिरुद्धने चष्मा लावून दोनदा वाचले. मग म्हणाला, "अण्णा, मजविषयी काय लिहायचं ते लिहा. लेकीचे हात नका बांधू."

हे बापाला सुचायला हवे होते. तेही त्यालाच सुचले.

कलम तीनमधील अट मी रद्द करीत आहे. विनुताने कुणाबरोबर धंदा करावा, हे तिचे तिने ठरवावे. कारण मात्र खोडणार नाही.

तंजावूर, १२ फेब्रुवारी २०२५
सही: बाळकृष्णराव

साक्षीदार:
१. अनिरुद्धराव, गाळा क्रमांक एक. वाचून सही केली.
२. सूर्यनारायण, बाजारातील तोलणार. अनिरुद्धरावांनी तमिळमध्ये समजावून सांगितले. स्वतःविषयीचेही काही गाळले नाही.