फ्रिज कोणाच्या नावाचा

६ एप्रिल, रविवार
ठरलं. जुना फ्रिज जाणार, फाइव्ह स्टार येणार. जुना चालू फ्रिज जमा केला की नव्यावर सरकारी सवलत आहे. उरलेल्या रकमेसाठी दिवाळीचा बोनस राखून ठेवलाच आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभा राहून सगळ्यांना योजना समजावली. सेक्रेटरी म्हणाले, शेखरराव, तुमचा अभ्यास दांडगा. नियमांची पीडीएफ सव्वीस पानी आहे. दोन वाचली. पुढे तेच तेच असतं.
ओघात बोलून गेलो की जुना फ्रिज मी लग्नानंतर पहिल्या बोनसमधून घेतला होता. बायको, उज्वला, मागच्या रांगेत खोकली.

७ एप्रिल
खुलासा, स्वतःपुरता. तो फ्रिज सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लग्नात दिला हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण मी घेणारच होतो. त्यांनी घाई केली. शिवाय स्टॅबिलायझर माझा, प्लग मी बसवला, आणि बावीस वर्षं लाइट बिल कोण भरतंय? आरोहीला लहानपणापासून बोनसचंच सांगत आलोय. आता बारावी झालेल्या पोरीचा गोंधळ कशाला उडवायचा.

९ एप्रिल
अर्जाला जुन्या फ्रिजचं मूळ बिल लागतं. आरोही म्हणाली, बाबा, तुमच्याकडे असेलच. असेलच, म्हणालो. कपाट उपसलं. भंगारात गेलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड सापडलं. उज्वला मटार सोलता सोलता म्हणाली, ते बिल सायखेड्याला आबांच्या ट्रंकेत आहे. आबांकडे का, असं आरोहीने विचारलं. तेवढ्यात मला ओझरहून कारखान्याचा फोन आला. (आला नव्हता.)

१२ एप्रिल, शनिवार
आबा स्वतः एसटीने बिल घेऊन आले. बिल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डब्याला सुतळी. बिलावर ठळक अक्षरात: रंगनाथ कुटे, मु. पो. सायखेडा. आरोहीने ते मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, त्या काळी बिल मोठ्यांच्या नावाने करायची पद्धत होती, आदर म्हणून. आबा म्हणाले, व्हय व्हय, जावईबापू म्हणत्यात तसंच हाय ते. माणूस देव आहे. मला त्यांचा थोडा रागच आला.
बिल ज्याच्या नावाचं, अर्जही त्याच्याच नावाने. म्हणून नाव आबांचं, आधार आबांचं, पैसे माझ्या कार्डावरून. 'पत्ता आधारप्रमाणे' या चौकोनात आपोआप टिक आली. आपोआप येतं ते बरोबरच असतं.

१५ एप्रिल
फ्रिज टेम्पोत घालून केंद्रावर जमा केला. दाराचं रबर गेल्यामुळे त्याला उज्वलाची ओढणी बांधलेली असते. ती तशीच गेली. तिथल्या माणसाने प्लग लावला. फ्रिजने दोन मिनिटं विचार केला आणि थरथरत सुरू झाला. पावती मिळाली. नवा आठ दिवसांत. तोवर माठ.

१९ एप्रिल
ऊन चाळीसच्या पुढे. दूध दुसऱ्यांदा नासलं. उज्वलाने त्याचं पनीर केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सोसायटीतले चौघे फॉर्म भरून मागतायत. सध्या जिन्याने जातो. व्यायामही होतो.

२३ एप्रिल, सकाळी ११
रजा टाकून वाट बघतोय. मेसेज आला: फ्रिज पोहोचला. स्वयंपाकघरात पाहिलं. बाल्कनीतही पाहिलं. वॉचमनला विचारलं.

११.२०
आरोहीने पीडीएफचं नववं पान उघडलं. फ्रिज अर्जदाराच्या आधारवरच्या पत्त्यावर जातो. बदल होत नाही.

११.४०
आबांचा फोन. सासूबाईंनी, धोंडाबाईंनी, फ्रिजला हळदकुंकू लावलं. गल्लीतली माणसं बघून गेली. जावयाने पाठवला, असं प्रत्येकाला सांगून झालंय. आबा म्हणाले, पोरीला दिला तवा आमच्यापुरता घ्यायचा राहूनच गेला, जावईबापू. पाणी लय गार हाय.
चूक झाली, परत पाठवा, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. बंद केलं. मला लाज वाटली. नोंद करून ठेवतो, कारण रोज वाटत नाही.

२४ एप्रिल
सेक्रेटरींना सांगितलं, फ्रिज मुद्दामच सासऱ्यांना दिला. ते म्हणाले, दिलदार आहात. मी नाही म्हणालो नाही.
सवलत एका जुन्या फ्रिजवर एकदाच मिळते. हे अकराव्या पानावर आहे. आपला पुढचा बोनस दिवाळीला.
संध्याकाळी कामावरून आलो तर उज्वलाने आपणहून माठातलं पाणी आणून दिलं. कोमट होतं. म्हणाली, प्या. बावीस वर्षांनी का होईना, एक फ्रिज तुमच्या बोनसमधून आला.