मागे विचारणारं कोणी

ता. ४

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. मास्तरणीच्या जागेसाठी हजारभर पोरी आल्या आणि शेवटच्या मुलाखतीला उरलात सहाच, हे कळल्यापासून मी हवेत आहे. शेजारच्या शिंपीणबाईला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, आजी, आता पुरे, माझी काजं चुकतायत. चुकू देत की! दोन वर्षं लांबच्या शाळेत, राहणं-जेवण त्यांचं, आणखी काय हवं? मी दुसरीतून उठलेली, जोडाक्षर आलं की धाप लागते, तेव्हा चुका पोटात घाल. केसांना तेल कमी लाव, चेहरा रडका दिसतो. तुझे आजोबा लग्नाच्या फोटोत अजून रडतायत.

दोन ओळी टाक. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी आजी

ता. ८

ती. आजीस सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून हसले, इथे मुलाखतीला आल्यापासून पहिल्यांदाच. आजी, इथलं लक्षण मला बरं दिसत नाही. पाठ घ्यायला सांगितला, तर वर्ग रिकामा. मुलं आहेत असं समजा म्हणाले. मी रिकाम्या बाकांना भागाकार शिकवला, आणि मागे बसलेले मुलाखत घेणारे पाचही जण फळ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मग शिकवण्याबद्दल एक प्रश्न नाही. घरी कोण असतं, बरेच महिने पत्र आलं नाही तर शोधायला कोण येईल, एवढंच. मी विचारलं, आधीच्या बाईंशी बोलता येईल का? एकाने उठून खिडकी लावून घेतली.

म्हणून थाप मारली, की मला दोन काका आहेत, दोघे वकील, सारखे येऊन जातात. घरी चौकशीला माणूस येईल, तूही तेच सांग. नोकरी गेली तरी चालेल. निकाल लागेपर्यंत दारावरचा माणूस बाहेर सोडत नाही, म्हणून हे पत्र स्वयंपाकाच्या बाईंच्या हाती देते.

तुझी माया मागणारी,
चिमणी

ता. ९

चि. चिमणीस आजीचे भरभरून आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र अजून नाही, पण मला दम निघत नाही. अगं, निवड झाली तुझी! त्यांचा माणूस येऊन गेला. काय नम्र! चपला दाराबाहेर, चहा दोनदा. घरी कोण कोण, म्हणाला. मी काय कच्ची आहे? कापडगिरणीत होते तेव्हा ज्या बाईचे नातेवाईक फाटकावर यायचे तिला मुकादम आधी काढायचा. म्हणून ठासून सांगितलं, साहेब, हिच्यामागे विचारणारं कोणी म्हणजे कोणी नाही, आणि मला म्हातारीला गल्लीचं टोकसुद्धा गाठवत नाही. खुशाल न्या. काका आहेत ना, म्हणाला. मला हसूच आलं. म्हटलं, माझा एकच मुलगा, तोही गेला, काका कुठून उगवणार? तोही हसला आणि तिथल्या तिथे म्हणाला, आजी, जागा तुमच्या नातीची.

तुझे फोटो मागितले. एक दिला, तर म्हणाला, असतील तेवढे द्या, शाळेला लागतात. भिंतीवरचाही काढून दिला.

आता मोठी झालीस म्हणून आजीला विसरायचं नाही हं.

तुझी आजी

ता. १२

चिमणे,

तुझं पत्र आज मिळालं. मीच चुकीचं वाचत असेन म्हणून शिंपीणबाईकडून पुन्हा वाचून घेतलं. तेच निघालं. तिच्या फोनवरून तिकडे फोन लावला. एक माणूस गोड आवाजात म्हणाला, तुमची नात कालच शाळेवर गेली. शाळा कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, आजी, सांगून काय उपयोग, तुम्हाला तर गल्लीचं टोकसुद्धा गाठवत नाही.

शिंपीणबाईने दुकान बंद केलंय. तिच्या भावाची गाडी येते आहे. आधी त्या स्वयंपाकाच्या बाईला गाठते. शाळेचा पत्ता कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र पेटीत न टाकता हातात घेऊनच निघते.

आजी