पांढरी साडी आणि टिकाऊ मडगार्ड

घोरावाडी, तळेगाव दाभाडे

तीर्थस्वरूप विठ्ठलदादांस,

धाकटी बहीण हिरा हिचा मनापासून जय भीम. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तिकडे लोणावळ्यात तुम्ही सगळे कोरडे असाल अशी आशा करते (व्यर्थ आहे, ठाऊक आहे). वहिनींचा गुडघा कसा आहे? रेणुकाच्या परीक्षेचं काय झालं? तुम्ही गोड खाणं सोडलंत असं कळलं, त्यावर माझा विश्वास नाही. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. पण मी फोनवर बोलायला लागले की हे (म्हणजे तुमचे मेहुणे हौशीराम) शेजारी येऊन बसतात आणि माझं बोलणं दुरुस्त करत राहतात. लिहिताना निदान एक वाक्य तरी पुरं होतं.

तर दादा, तुमची थोरली अमृता बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा तिची सायकल तुम्ही मला दिलीत. पन्नाशी उलटल्यावर मी सायकल शिकले ती तिच्यावरच. सायकलीला गिअर आहेत (मी एकच वापरते, बाकीचे आहेत एवढं समाधान पुरतं), टायर चांगले जाड आहेत, पण मडगार्ड पुढेही नाही आणि मागेही नाही. उन्हाळ्यात हे ध्यानात आलं नाही. पाऊस लागल्यावर स्टेशनाजवळच्या सायकलवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, ही डोंगरातली सायकल आहे, डोंगरात मडगार्ड लावत नाहीत. मी म्हटलं, बाबा, मी डोंगरात जात नाही, विहारात जाते.

विहारात जाण्याचं कारण असं. वर्षावासाचं ग्रंथवाचन, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी, दरवर्षी आमचे निवृत्त गुरुजी करतात. यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि समितीनं ते काम मला दिलं. दादा, मी सातवीतून शाळा सोडलेली, हे तुम्हाला सांगायला नको. घरी आरशासमोर बसून वाचायची तालीम केली. आक्काबाईंना (आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा) हे काम आपल्याला मिळेल असं वाटत होतं, कारण त्यांचा आवाज मोठा आहे आणि चष्माही नवा आहे. त्यांनी माझं अभिनंदन केलं, पण घाईत.

पहिल्या दिवशी पांढरी साडी नेसून सायकलवर निघाले. रस्ता ड्रेनेजसाठी खोदलेला, त्यात तांबडं पाणी. विहारात पोचले, मूर्तीपुढे गुडघे टेकून वंदन केलं, मग वाचायला बसले. वाचन छान झालं. निघताना आक्काबाई म्हणाल्या, "हिराबाई, साडीला पाठीवर पट्टा असतो हे मला माहीत नव्हतं." घरी येऊन बघते तर कमरेपासून अंबाड्यापर्यंत चिखलाची सरळ रेघ, पट्टी धरून आखल्यासारखी. मी पाठ करून वंदन करत होते तेव्हा सगळं विहार ती रेघ बघत होतं.

हे मी यांना सांगितलं ही माझी चूक. यांची सगळी नोकरी कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबून वळवण्यात गेली, त्यामुळे पत्रा हा यांचा विषय. निवृत्त झाल्यापासून घरात यांच्या हातून दुरुस्त न झालेली वस्तू राहिलेली नाही (मिक्सर आता वाटतो कमी आणि ओट्यावरून चालतो जास्त). तरी सुरुवातीला बाजारातलंच आणू म्हणून आम्ही प्लॅस्टिकचं मडगार्ड आणलं. सीटच्या नळीला चिमट्यानं लावायचं, मागं बदकाच्या शेपटीसारखं वर राहतं. दिसायला ऐटदार. पण चिमटा सैल पडला की शेपटी एका बाजूला फिरते आणि चिखल पाठीवर न येता शेजारून जाणाऱ्याच्या अंगावर जातो. हे मला एका गृहस्थांनी मोटारसायकल थांबवून समजावलं. पुढच्या स्पीडब्रेकरला ते मडगार्ड मोडलं. यांनी तापल्या सळईनं भोकं पाडून तारेनं शिवलं. टाके सुरेख पडले होते, पण दुसऱ्या दिवशी ते टाक्यांच्या शेजारी मोडलं.

मग हे म्हणाले, "प्लॅस्टिक आपलं काम न्हाई. टिकाऊ पायजे." आणि ओळखीच्या गेट बनवणाऱ्याकडून जाड पत्रा आणून, ठोकून, वळवून, दोन्ही चाकांना मडगार्ड बसवली. आपल्यामागंही टिकतील, असं अभिमानानं म्हणाले. मी म्हटलं, मला ती फक्त अश्विन पौर्णिमेपर्यंत हवीत. ती मडगार्ड चालताना इतकी वाजायची की मी कोपऱ्यावर असतानाच विहारातले लोक सतरंजी अंथरायला घ्यायचे. कुत्री मात्र आधी भुंकायची ती बंद झाली, लांबूनच निघून जायची.

आवाजाचंही चाललं असतं. पण पत्रा चाकाला अगदी चिकटून बसवलेला (यांच्या मते फट म्हणजे कामातला दोष). एका संध्याकाळी त्या खोदलेल्या रस्त्यावरची चिकणमाती आत गेली, साचत गेली आणि चाक फिरायचंच थांबलं. मी ती सायकल कशी ओढत नेली ते माझं मला माहीत. पोचले तर वाचन सुरू झालेलं. माझ्या जागेवर आक्काबाई. त्यांनी मला पाहिलं आणि आवाज आणखी वाढवला. मी चपलांच्या शेजारी बसून ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "तुम्ही लांबून येता, पावसापाण्याचं कशाला? उद्यापासून मीच वाचते." मी बरं म्हटलं. दादा, खरं सांगते, मला तेव्हा रडू येत होतं. नुसत्या मडगार्डासाठी बाईमाणसानं रडावं का, असं तुम्ही म्हणाल, म्हणून रडले नाही. घरी येऊन सायकल दारात टेकवली आणि यांना वाढलं.

हे जेवले आणि बाहेर जाऊन चाकातली माती बोटानं उकरून बघून आले. सकाळी उठून बघते तर सायकल उलटी करून बसलेले. मडगार्ड काढलेली. सळ्यांचा टेका देऊन ती चाकापासून अंगठाभर वर घेतली, म्हणजे मातीला निघायला वाट. नटाखाली जुन्या ट्यूबचे वायसर घातले, म्हणजे आवाज नाही. आणि आपल्या कंपनीच्या गमबुटाचं रबर कापून मागच्या मडगार्डाला खाली पदरासारखं लावलं. तो गमबूट चांगला होता. मग आपला लग्नकार्याचा पांढरा सदरा घातला आणि सायकलवर बसले. यांनी किती वर्षांत सायकल चालवली नव्हती, देव जाणे (आपल्यात देव नाही, तेव्हा कुणीच जाणत नाही). आमच्या गल्लीतल्या प्रत्येक डबक्यातून गेले. दोनदा गेले. शेजारच्या शालूबाई आजी दारात खुर्ची टाकून बघत होत्या. शेवटी ड्रेनेजच्या चरात पुढच्या बाजूनं पडले. उठून माझ्याकडे आले, पाठ केली आणि म्हणाले, "बघ, काय दिसतंय का?" पुढून माणूस ओळखू येत नव्हता. पाठ मात्र कोरी होती.

मी त्या संध्याकाळी विहारात गेले, वेळेआधी, स्वच्छ साडीत, आवाज न करता. आक्काबाई जागेवर बसलेल्याच होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. समितीचे लोक छताकडे बघू लागले. तेव्हा शालूबाई आजी मागून म्हणाल्या, "हिरालाच वाचू द्या बाई. आक्काबाई लय जोरात वाचती, डोळा लागत न्हाई. हिरा वाचाया लागली की मला कसं गाढ वाटतं." आणखी दोन म्हाताऱ्यांनी व्हय म्हटलं. मला जागा परत मिळाली ती अशी. आक्काबाई आता पुढच्या रांगेत बसून पानं उलटायला मदत करतात, जरा लवकर उलटतात एवढंच.

पाऊस अजून आहे. वहिनींना जय भीम, रेणुकाला अभ्यासाला आशीर्वाद, आणि तुमचा चहा बिनसाखरेचा होवो एवढं मागून थांबते.

तुमची,
हिरा

ता. क. : मूळ मुद्दा राहिला. मडगार्डांची कीर्ती झाल्यामुळे समितीनं यांना विहाराचा माइक दुरुस्त करायला सांगितला आहे. यांनी होकार दिला आहे. तेव्हा दादा, कृपा करून यांना लोणावळ्याला बोलावून घ्या. काही मोडलेलं नसलं तर काहीतरी मोडा. गेट, नळ, काहीही. पण हे मी कळवलं असं कळू देऊ नका.

ता. क. २ : मात्र अश्विन पौर्णिमेच्या आत परत पाठवा. समाप्तीचं वाचन माझं आहे. हे रोज शेवटच्या रांगेत खांबाला टेकून बसतात आणि मी अडखळले की तिकडून मान हलवतात, जसं काही बरोबरच वाचलं. तेवढं कोणी केलं नाही तर मला पुढची ओळ सापडत नाही.