सांत आंतोनचा मुक्काम

क्रूसवाडी, मुरुडचा रस्ता
५ जून

ती. रेजिनाबाय हिला धाकटा भाऊ इनास याचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि भावोजींना येशूच्या नावाने सलाम. तुझी कंबर, भावोजींची साखर आणि वसईच्या तुमच्या विहिरीचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. माझी तब्येत बरी आहे. (उजव्या कानात समुद्र वाजतो, पण तो खरा समुद्रही असेल. वादळात समोरची माडांची रांग गेली आणि समुद्र दोन घरं अलीकडे राहायला आल्यासारखा वाटतो.) जेवण दोन वेळा जातं. झोप येते आणि लगेच उठून जाते. पत्र लिहायला हात धजत नव्हता, कारण माझ्या हातून एक काम झालं आहे. ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि तेरा तारखेला सांत आंतोनचा सण आहे, त्याच्या आत काय ते ठरवायला हवं. पण क्रमाने सांगतो. मी चौथीपर्यंतच शिकलो, क्रम चुकला की मला पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागतं.

वादळाचं तुला फोनवर म्हणालो होतो की सगळं ठीक आहे. ते खरं नव्हतं, पण फोनवर मला खरं बोलायला जमत नाही, पलीकडून कोणीतरी घाईत आहे असं वाटतं. त्या दुपारी हवा हिरवी झाली होती, विहिरीच्या तळाला असते तशी. मग कौलं उडाली. थव्याने, एकामागून एक, समुद्राकडून डोंगराकडे निघालेल्या पाखरांसारखी. मी खिडकीच्या फटीतून पाहत होतो आणि (देव मला क्षमा करो) मला ते सुंदर वाटलं. सगळं थांबल्यावर बाहेर आलो, तर भागुबाईंची होडी माझ्या विहिरीपाशी शांत उभी, जणू पाणी न्यायला आली आहे. (भागुबाई म्हणजे खालच्या कोळीवाड्यातल्या. त्या आपल्या देवळातल्या नव्हेत, पण भांडायला सगळ्या देवळांत जातात.) वाडीत शाबूत राहिलं ते माझं एकट्याचं घर. मुलाने न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरच्या पगारातून बांधलेला तो स्लॅबचा ठोकळा, तुला माहीतच आहे. आमची तेरेजा जिवंत होती तोवर त्याला गोदाम म्हणायची. तेरेजा गेली, मुलगा तिकडेच राहिला, आणि गोदामात मी एकटाच नग उरलो होतो. तर देवळाचं छप्पर उडालं म्हणून त्या गोदामात सांत आंतोन राहायला आला.

चार माणसांनी वेदीवरचा तो पुतळा ओल्या चादरीत गुंडाळून आणला. फादर सुजित (वयाने माझ्या मुलाहून लहान, बोलायला माझ्या आजोबांसारखे) म्हणाले, "इनासमामा, छप्पर होईपर्यंतच हं." मी हो म्हणालो आणि काळजीला लागलो. संताला ठेवायचं कुठे? कपाटावर ठेवला तर पंख्याचं पातं डोक्याला लागेल, खाली ठेवला तर मुंग्या. शेवटी खाटेच्या बाजूला तेरेजाचं शिलाई मशीन होतं त्यावर ठेवला. मग त्याला उकडत असेल का ही काळजी. मग पंखा लावला तर हातावरच्या बाळ येशूला वारा लागेल ही काळजी. भागुबाईंनी दारातूनच विचारलं, "इनासभाऊ, तुमचा पावना खातो काय? का नुसताच बघतो तुमच्याकडं?" मी म्हणालो, बघतो. तर म्हणाल्या, "मग लई दिवस ऱ्हायचा न्हाय, कंटाळंल."

त्या रविवारी मिस्सेची प्रार्थना शाळेच्या ओट्यावर झाली. फादर म्हणाले, देवाने प्रत्येकाला काही ना काही दिलेलं आहे, ते वादळाने नेलेलं नाही, जो तो आपलं आणा, माझ्याकडे काही नाही असं कोणी म्हणू नका. कोरडी जागा माझीच, म्हणून यादी माझ्या भिंतीवर लागली. सदा सुताराने यादीत 'हात' एवढाच शब्द लिहिला. भागुबाईंनी तीन गोणी सुके बोंबील आणून टाकले आणि वर दम दिला की मोजून वाटा. मुरुडच्या बाजारातून एका हाजीसाहेबांनी दोरखंड पाठवले. आतल्या गावचा रघू भातशेती करतो. त्याने आपल्या जुन्या गोठ्याची कौलं टेम्पो भरून आणली आणि म्हणाला, "देवाच्या घरावर चालली हायत म्हनल्यावर गाय काय रागावनार न्हाय." मला काय लिहावं सुचेना. दोन दिवस विचार करून मी 'काळजी' लिहिलं, कारण तेवढीच माझ्याकडे भरपूर आहे. फादरांनी वाचलं, हसले नाहीत. म्हणाले, ती पण लागतेच, आणि सगळं सामान माझ्या ताब्यात दिलं.

बाय, त्यानंतरचे दिवस मला जागेपणी पडलेल्या स्वप्नासारखे आठवतात. संध्याकाळी रोझरीच्या जपाला चाळीस माणसं माझ्या खोलीत. मेणाचा वास, बोंबलाचा वास, ओल्या दोराचा वास. पन्नास वेळा नमो मरिया म्हणता म्हणता आवाज एकच होतो आणि भिंती श्वास घेतल्यासारख्या पुढे मागे होतात. मला वाटायचं, गोदाम पाण्यावर तरंगतं आहे, सांत आंतोन सुकाणू धरून बसला आहे, आणि आपण सगळे कुठेतरी चाललो आहोत जिथे कोणाचंच घर पडलेलं नाही. दुपारी सगळे कामावर गेले की आम्ही दोघेच. माडांच्या जागी आता नुसता उजेड येतो, तो त्याच्या निळ्या रंगावर हलत राहतो. मी त्याला तेरेजाचं सांगायचो. तो मध्ये बोलायचा नाही. (मुलगा बोलतो. त्याला मीटिंग असते.)

आणि इकडे छप्पर भराभर होत आलं. सदा आणि त्याच्यासारखे पंधरावीस हात, मग काय उशीर. राहिली फक्त आढ्यावरची कौलं. त्या जुन्या घाटाची कौलं आता कुठे मिळत नाहीत. रघूच्या गोठ्याची होती ती नेमकी पुरत होती, आणि माझ्या पडवीत रचलेली होती. त्यातली सात मी माझ्या खाटेखाली ठेवली. कशी ठेवली ते मला नीट आठवत नाही. दुपार होती. एकेक कौल छातीशी धरून झोपलेल्या पोरासारखं आत नेलं, आणि चादर खाली ओढली. बस्स.

मग जी शोधाशोध झाली ती काय सांगू. पडवी उपसली, विहिरीत गळ टाकला. शेवटी फादर म्हणाले, हरवलेलं शोधून देणारा संत आपल्यातच आहे, त्यालाच विचारू. आणि गेले नऊ दिवस, बाय, चाळीस माणसं माझ्या खोलीत सांत आंतोनला त्या कौलांसाठी साकडं घालत आहेत. मी मागे खुर्चीत बसून सगळ्यांच्या वर आवाजात 'आमेन' म्हणतो. भागुबाईसुद्धा येऊन बसतात. परवा म्हणाल्या, "तुमचा देव शोधतो म्हनता, मग त्याचं तोंड भिंतीकडं का फिरवलंय?" (मी फिरवलं होतं, थोडंसंच. मला त्याच्या नजरेला नजर देववत नव्हती.) दोन सरी पडून गेल्या आहेत. आढ्यावर ताडपत्री आहे, तरी वेदीवर पाणी गळतं, आणि ज्यांनी आपलं होतं नव्हतं ते दिलं ती माणसं खाली बादल्या लावतात. फादर म्हणतात, सणापर्यंत कौलं मिळाली तर सांत आंतोन मिरवणुकीने घरी जाईल, नाही तर पावसाळाभर इथेच. म्हणजे कौलं काढून दिली तर चौदा तारखेपासून माझ्या खोलीत कोणी नाही, आणि नाही दिली तर देऊळ गळणार माझ्यामुळे.

तेव्हा तुझ्याकडे एवढंच मागणं की तू फादरांना फोन करावास आणि सांगावंस की आपल्या लहानपणी सांत आंतोन पावसाळ्यात कोणाच्या तरी घरी ठेवायची रीत होती. तुझं वय ऐंशी, तुझं ऐकतील. रीत नव्हती हे मला माहीत आहे. पण सुरू कधीतरी होतेच ना.

भावोजींना औषध वेळेवर दे. तुझा कायमचा अपराधी भाऊ,

इनास

ता. क. फादरांना फोन करू नकोस. पत्र बंद करणार तेवढ्यात रोझरीची वेळ झाली, आणि आज गर्दीत माझी खुर्ची कोणीतरी बाहेर नेली, म्हणून कितीतरी वर्षांनी मी सगळ्यांबरोबर गुडघे टेकले. बाय, खाटेची चादर जमिनीपासून वीतभर वर राहते. उभ्या माणसाला काही दिसत नाही, खुर्चीत बसलेल्याला दिसत नाही. गुडघे टेकलेल्याला सगळं दिसतं. नऊ दिवस चाळीस माणसं गुडघे टेकून, कौलं समोर ठेवून, 'कौलं सापडू देत' म्हणत आहेत, आणि एकानेही मला एका शब्दाने विचारलेलं नाही. फादर सुजित तर सगळ्यांच्या पुढे असतात, खाटेला जवळजवळ टेकून.

ता. क. २. सगळे गेल्यावर मी वाकून मोजली. मी सात ठेवली होती ती पायथ्याच्या बाजूला तशीच आहेत. त्यांच्या पलीकडे आणखी चार आहेत. ती मी ठेवलेली नाहीत. दोहोंना बोंबलाचा वास येतो, तिसऱ्यावर सुताराच्या पेन्सिलीची रेघ आहे, आणि चौथं स्वच्छ पुसून मिस्सेच्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं आहे. उद्या मला फादरांपुढे पापं सांगायला जायचं आहे. टपालाने पत्र मिळेपर्यंत उशीर होईल म्हणून एसटीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे. मिळाल्याबरोबर मला फोन कर आणि एवढंच सांग, पाप सात कौलांचं सांगू की अकरा?